गाईला कायदा, माणसाला जी. आर.

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय, फक्त पुनरुक्ती काढलीय.)



विषय दिलाय तो ऐकायला कोरडा आहे. जमिनीचे कायदे, जनावरांचे कायदे आणि ते विधिमंडळात, संसदेत तपासले कसे जातात. मागं बसलेली दोन पोरं आत्ताच जांभया द्यायला लागलीत. द्या. पण एवढं ध्यानात घ्या, की आपण ज्या वस्तीत राहतो, ज्या गावातून पोट घेऊन या शहरात आलो, त्या सगळ्याचा फैसला असल्याच कोरड्या कागदांवर झालाय. मोर्चात घोषणा देताना छाती भरून येते. बिल वाचताना डोळे मिटतात. आणि समोरचा नेमका आपले डोळे मिटायची वाट बघत असतो.

'गायरान' हा शब्द घ्या. गाईचं रान. गावच्या जनावरांना चरायला राखलेली सरकारी जमीन. महसूल संहिता १९६६ ची, तिच्या कलम २२ मध्ये अशी जमीन राखून ठेवायची तरतूद आहे. गावगाड्यात ज्याच्या दावणीला जनावर त्याचं गायरान. ज्याच्या दावणीलाच काही नाही त्यानं तिथं काय चरायचं? मग आपल्या माणसांनी ते नांगरलं. दगड वेचले, बांध घातले, ज्वारी केली. मराठवाड्यात गावोगाव हे झालं. विदर्भात त्याच जमिनीला ई-क्लास म्हणतात. त्या दिवसापासून एकाच तुकड्यावर दोन दावे उभे राहिले, एक गाईच्या नावानं आणि एक भूमिहीन माणसाच्या नावानं. आता हे दोन दावे सभागृहापर्यंत कसे गेले, कोण आत शिरलं आणि कोण उंबऱ्यावर उभं राहिलं, ते बघू.

सुरुवात बाबासाहेबांपासून. भाषणात नाव घ्यायचं म्हणून नाही. या कामातला आपला पहिला वकील तोच माणूस आहे म्हणून.

१८७४ चा वतन कायदा होता. महाराला वतनाची जमीन, आणि त्या बदल्यात सरकारची आणि गावाची चाकरी. रात्र म्हणू नका, दिवस म्हणू नका. सांगावा न्या, सारा वसुलीला माणसं बोलवा, मेलेलं ढोर ओढा. जमिनीचा तुकडा एवढा, की त्यावर कुटुंब जगत नाही, आणि वतन सोडायचं म्हटलं तर तोही जातो. १९२८ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात ह्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. मागणं साधं होतं. ज्याला चाकरी नको त्यानं पूर्ण सारा भरावा आणि जमीन राखावी. बलुत्याच्या भिकेऐवजी पैशात मोबदला मिळावा. बिल निवड समितीकडं गेलं. निवड समिती म्हणजे बारकाईनं तपासणारी चाळणी, असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. चाळणीतून काय खाली पडायचं आणि काय वर राहायचं, हे चाळणी कुणाच्या हातात आहे त्यावर ठरतं. १९२९ साली बाबासाहेबांना ते बिल मागं घ्यावं लागलं.

पुढं १९३७. कोकणातली खोती मोडायचं बिल त्यांनी सप्टेंबरमध्ये मुंबईच्या विधानसभेत मांडलं. ते पुढं सरकेना तेव्हा १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी, कुळं, लंगोटीवाली माणसं मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आली. आत बिल आणि बाहेर माणसं, हे दोन्ही एकदम करायचं असतं हे त्या दिवशी दिसलं. तरी ते बिल पास झालं नाही. खोती कायद्यानं गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्यानं. महार वतन गेलं १९५८ च्या कायद्यानं, म्हणजे पहिल्या बिलानंतर तीस वर्षांनी, बाबासाहेब गेल्यावर.

आणि गेलं ते कसं? कायदा म्हणाला, वतन खालसा. जमीन सरकारजमा. वतनदारानं शेतसाऱ्याच्या काही पट रक्कम मुदतीत भरली तर ती त्याला परत मिळेल, तीही 'नवीन अविभाज्य शर्तीनं'. म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही, वाटायची नाही. ज्याला मुदत कळलीच नाही, ज्याच्याकडं तेवढा पैसा नव्हता, त्याची जमीन सरकारच्या नावावर गेली. काल चाकरीनं बांधलेला माणूस आज रिकामा. स्वतंत्र आणि रिकामा.

आता म्हणाल, ही जुनी मढी कशाला उकरतोस. मढी नाहीत ती. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातल्या महार वतनाच्या चाळीस एकराची बातमी सगळ्यांनी वाचली. जमीन सरकारच्या ताब्यातली, केंद्राच्या वनस्पती सर्वेक्षण खात्याला भाड्यानं दिलेली. आणि तिचं खरेदीखत ३०० कोटींचं! मूळ वतनदारांच्या वारसांची मुखत्यारपत्रं कुणी गोळा केली, मुद्रांक शुल्क कसं माफ झालं, ते पेपरांत आलंय. मला एवढंच सांगायचंय, की १९५८ च्या कायद्यातल्या त्या एका अटीची किंमत आज कोटींत मोजतात. तेव्हा सभागृहात त्या अटीवर किती वेळ बोलणं झालं असेल? ग्रंथालयात कामकाजाचे खंड आहेत, जाऊन काढा. हे काम मी तुमच्यापैकी दोघांवर टाकणार आहे.

आता जनावराकडं येऊ.

२४ नोव्हेंबर १९४८. घटना समिती. पंडित ठाकूरदास भार्गव यांनी गोरक्षणाची दुरुस्ती मांडली. तीच पुढं कलम ४८ झाली. भार्गवांचं मन तिला मूलभूत हक्कांत घालायचं होतं. बाबासाहेबांची इच्छा ती मार्गदर्शक तत्त्वांत असावी अशी होती, हे भार्गवांनीच त्या भाषणात सांगितलंय. बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली ती एका वाक्यात. लोक आज त्या वाक्याचा झेंडा करतात. पण त्यांनी तिला कुठल्या खोलीत बसवलं तेही सांगा की! कोर्टातून बजावून घेता येत नाही त्या खोलीत. आणि वर शब्द ठेवले, शेती आणि पशुसंवर्धन आधुनिक, शास्त्रीय पद्धतीनं करण्याचे.

त्या दिवशीची खरी तपासणी केली दोन मुसलमान सभासदांनी. संयुक्त प्रांताचे झेड. एच. लारी आणि आसामचे सय्यद मुहंमद सादुल्ला. लारींचं म्हणणं असं, की बहुसंख्याकांना हे धर्म म्हणून हवं असेल तर तसं सरळ म्हणा, आम्ही आड येत नाही. संदिग्ध शब्दांत ठेवू नका, नाहीतर उद्या प्रत्येक बकरी ईदला माणसाला कळायचं नाही की आपण गुन्हा करतोय का नाही. सादुल्ला म्हणाले, धर्माचं कारण द्या, समजू शकतो. पण आर्थिक कारण पुढं कराल तर मग भाकड जनावरांचा हिशेब द्या. त्या हिशेबाला उत्तर आलं नाही. आजही आलेलं नाही.

मार्गदर्शक तत्त्वांची ती खोली मोठी आहे. तिथंच कलम ३९ आहे, देशाची साधनसंपत्ती सर्वांच्या हिताची होईल अशी वाटा म्हणणारं. तिथंच ४६ आहे, अनुसूचित जातीजमातींचं हित जपा म्हणणारं. एकाच खोलीत राहणारी ही भावंडं. त्यातलं ४८ नंबरचं बाहेर पडलं आणि राज्याराज्यांत फौजदारी कायदा झालं, तुरुंगाच्या चाव्या कमरेला लावून फिरायला लागलं. ३९ आणि ४६ अजून आतच आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीच्या क्षेत्रापैकी अनुसूचित जातींकडं ९ टक्क्यांच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या १६ टक्क्यांच्या वर. वाटणीचं एवढं झालंय.

महाराष्ट्राचा पशुसंरक्षण कायदा १९७६ चा. गाय आणि तिचं वासरू मारायला बंदी. बैल, वळू नाही. भाकड झाल्याचा दाखला घेऊन तो विकता येत होता, कापता येत होता. सर्वोच्च न्यायालयानंही १९५८ सालीच कुरेशींच्या खटल्यात म्हटलं होतं, की कामातून गेलेल्या बैलावर सरसकट बंदी घालता येत नाही. २००५ साली सात न्यायाधीशांनी गुजरातच्या खटल्यात ते फिरवलं.

१९९५ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं दुरुस्ती बिल पास केलं. बैल, वळूही बंद. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. मांस जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा. बिल राष्ट्रपतींच्या संमतीला गेलं आणि तिथं पडलं. ९५ ची विधानसभा गेली. ९९ ची आली, गेली. २००४ ची, २००९ ची. २०१४ साली नवी बसली. आणि २०१५ च्या मार्चमध्ये, वीस वर्षांनी, संमतीचा शिक्का बसून तो कायदा लागू झाला! बिल पास झालं तेव्हा जन्मलेलं पोर तोवर मतदार झालं होतं. त्या पोरानं निवडून दिलेल्या सभागृहानं त्या बिलावर अर्धा तास तरी बोलावं? नाही. चारा महाग का, मराठवाड्यात दुष्काळ किती, बैल किती उरलेत, कुरेश्यांचं, चांभार-ढोरांचं, कातड्यावर जगणाऱ्यांचं काय, कुणी विचारायची सोयच नव्हती. बिल आधीच 'पास' होतं.

तुम्ही म्हणाल, सभागृह मेलं म्हणजे बिल मेलं की. तसं नाही. आणि तसं नाही हे ठरलं ते एका जमिनीच्या बिलावर. ही गोष्ट नीट ऐका.

केरळात नंबुद्रीपादांच्या सरकारनं १९५९ साली कुळांच्या हक्काचं, जमिनीच्या मर्यादेचं बिल पास केलं. तेही राष्ट्रपतींकडं राखून ठेवलं गेलं. जुलैअखेर सरकार बरखास्त, विधानसभा विसर्जित. राष्ट्रपतींनी १९६० साली ते बिल सूचनांसकट परत पाठवलं, ते नव्या विधानसभेकडं. नव्या सभागृहानं ते पुन्हा हातात घेतलं, बदल केले, पास केलं. १९६१ च्या जानेवारीत संमती मिळाली. जमीनवाले कोर्टात गेले. म्हणाले, जुनी विधानसभा गेली तेव्हाच बिल संपलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, संमतीसाठी थांबलेलं बिल सभागृहाबरोबर मरत नाही.

बघा आता. दार तेच. कुळाला जमीन देणारं बिल त्या दारातून परत पाठवलं गेलं, दोनदा तपासलं गेलं, दोन सभागृहांनी त्याच्यावर घाम गाळला. जमीनवाल्यांचे वकील होते ना मागं! बैलाचं बिल त्याच दारात वीस वर्षं झोपलं आणि उठलं ते थेट कायदा होऊन. कारण ज्यांचं पोट त्यात अडकलंय त्यांचा वकील कुठल्याच दारात उभा नव्हता. घटनेच्या कलम २०१ मध्ये राष्ट्रपतींना संमतीसाठी मुदत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं मत दिलं की कोर्टही तशी मुदत घालू शकत नाही. म्हणजे ही पळवाट उघडीच आहे. कुठलंही बिल झोपवा, आपल्या सोयीच्या साली उठवा.

नंतर जी काय तपासणी झाली ती कोर्टात. ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेलं मांस घरात असणं हा गुन्हा ठरवणारं कलम घटनाबाह्य म्हणून काढून टाकलं. निर्दोषपणा आरोपीनंच सिद्ध करावा, हेही काढलं. माणसाच्या स्वयंपाकघरात पोलीस शिरू नये, एवढी साधी गोष्ट. ती आमदाराला दिसायला हवी होती.

दिल्लीचं वेगळं नाही. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा केंद्रीय कायदा. त्याचं मूळ रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतल्या खाजगी बिलात. त्या कायद्याला माझा विरोध नाही. गोठ्यात जन्म काढलेल्या माणसाला मुक्या जनावराची कणव शिकवायला कुणी शहरातून यायला नको. पण तो कायदा स्वतःच म्हणतो, की खाण्यासाठी जनावर मारणं हा गुन्हा नाही, विनाकारण हाल करू नका. २३ मे २०१७ ला त्याच कायद्याखाली सरकारनं गुरांच्या बाजाराचे नियम काढले. बाजारात गाय, बैल, म्हैस, उंटसुद्धा, कत्तलीसाठी विकणार नाही असं लिहून द्यायचं. मूळ कायदा जे करू देतो ते नियमानं अडवायचं! तारीख बघा. संसदेचं अधिवेशन एप्रिलमध्ये संपलेलं, पुढचं १७ जुलैला. नियम संसदेपुढं तीस दिवस ठेवायचे असतात. पण ते लागू झाले संसद बंद असताना, आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं मेअखेर स्थगिती दिली, सर्वोच्च न्यायालयानं ११ जुलैला ती देशभर लावली. लोकसभेचे खासदार कुठं होते? मतदारसंघात. तिथंच गुरांचा बाजार ओस पडला होता.

आणि बैलगाडी शर्यत! २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. २०१७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं दुरुस्ती बिल पास केलं, त्याच वर्षी राष्ट्रपतींची संमतीसुद्धा आली. पुढं कोर्टकचेरी होऊन २०२३ मध्ये घटनापीठानं ते उचलून धरलं. एक मत. विरोधी पक्ष, सत्ताधारी पक्ष, सगळे घाटावर एकत्र. शर्यतीच्या बैलाला संमती काही महिन्यांत मिळते.

आता परत गायरानावर या. आपल्या माणसाच्या गायरानाला कुठला कायदा? शोधा. सापडणार नाही. महसूल संहितेत कलम ५० आहे, अतिक्रमण काढा. कलम ५१ आहे, नियमित करता येईल. करावंच लागेल असं नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला खानदेश-मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह केला. ६ डिसेंबर १९६४ पासून तर देशभर. लाखो माणसं तुरुंगात गेली, बाया कडेवर पोरं घेऊन गेल्या. दादासाहेब स्वतः संसदेत होते, आत बोलत होते आणि बाहेर तुरुंग भरत होते. त्या रेट्यातून पुढं काय निघालं? जी. आर. १९७८ चा एक. २८ नोव्हेंबर १९९१ चा एक, १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करणारा. तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या सुरुवातीची निवडली. हार घातल्यासारखी! पण जी. आर. म्हणजे काय? खात्याचा हुकूम. सभागृहात मांडलेला नाही, कुणी कलमवार वाचलेला नाही, अंमल केला नाही म्हणून तहसीलदाराला शिक्षा नाही. एका सचिवाच्या सहीनं आलेला, दुसऱ्या सचिवाच्या सहीनं जाणारा. बैलाच्या बाजूनं पाच वर्षांची कैद आणि माणसाच्या बाजूनं एक परिपत्रक.

२०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं पंजाबच्या जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं. त्याच निकालात अपवाद आहे. भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जातीजमातींना सरकारी आदेशाखाली दिलेली जमीन. नोटीस देणारा तलाठी अपवादाचं पान फाडून येतो. २०२२ च्या शेवटी महाराष्ट्रात अशाच नोटिसा निघाल्या. चाळीस-चाळीस वर्षं कसणाऱ्याला 'अतिक्रमणधारक' म्हणून.

गुजरातच्या पोरांनी ह्या दोन गोष्टींचा सांधा बरोबर पकडला होता. ११ जुलै २०१६, उना तालुक्यातलं मोटा समढियाळा. मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून मारलं. ऑगस्टमध्ये अहमदाबादहून उन्यापर्यंत मोर्चा निघाला. मागणी काय होती? नुसती शिक्षा नाही, नुसती भरपाई नाही. गाईचं शेपूट तुमचं तुम्हाला लखलाभ, आमच्या वाट्याची जमीन आम्हाला द्या. कुटुंबामागं पाच एकर. महाडला १९२७ साली ढोरं ओढायची नाहीत म्हणून जे सुरू झालं, त्याचा पुढचा अर्धा भाग त्या मोर्चानं बोलून दाखवला. ढोर सोडलं, मग हातात काय?

म्हणून मागणी नेमकी करू. जी. आर. नको, कायदा हवा. १९९० ची तारीख पुढं आणणारा, कसणाऱ्याच्या नावानं सातबारा करणारा, नाकारायचं तर तहसीलदारानं लेखी कारण द्यावं असं सांगणारा, आणि घरातल्या बाईचं नाव नवऱ्याच्या बरोबरीनं लावणारा. तो बिल म्हणून मांडला जावा, संयुक्त समितीकडं जावा, आणि त्या समितीनं मुंबईत एअरकंडिशनमध्ये न बसता बीडला, परभणीला, बुलढाण्याला जाऊन माणसांच्या साक्षी घ्याव्यात. दिल्लीत तर समितीकडं बिल जाणंच आटत चाललंय. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के बिलं समित्यांकडं गेली, सतराव्यात सुमारे १६ टक्के. मुंबईत कुणी आपणहून पाठवेल या भ्रमात राहू नका. कुठलाही आमदार खाजगी बिल मांडू शकतो. आपल्या मतांवर निवडून गेलेले आहेत ना राखीव जागांवर? त्यांच्या दारात जाऊ. बिलाचा मसुदा आपणच लिहून नेऊ, कारण त्यांना लिहायला वेळ नसतो.

आणि त्याआधी पुरावा. दिवाळीला गावी जाल तेव्हा फटाके उडवा, पण तलाठ्याकडंही जा. गाव नमुना १-ई मागा. अतिक्रमणाची नोंदवही असते ती. आपल्या माणसाला दरवर्षी जो दंड ठोकला, त्याच्या पावत्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत असतील. फेकू नका. ज्या पावतीनं त्याला चोर ठरवलं, तीच पावती तो कधीपासून कसतो याचा पुरावा आहे. १९९० च्या आधीचं वर्ष मागा. तलाठी म्हणेल, जुनं दप्तर वाळवीनं खाल्लं. तसं लिहून द्या म्हणा. लिहून देणार नाही. मग तालुक्याच्या अभिलेख कक्षात अर्ज टाका, माहितीच्या अधिकाराचा, दहा रुपयांचा स्टँप लावून. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच आणि पावत्यांच्या झेरॉक्स पुढच्या बैठकीला घेऊन या. गावाचं नाव, गट नंबर, एकर, आणि कोण कसतं, एवढं एका वहीत उतरवू. मुंढव्याच्या धड्यावरून एक सांगतो, मुखत्यारपत्रावर कुणी सही मागितली तर घरच्यांना सांगून ठेवा, करायची नाही.

प्रश्न असतील तर आता विचारा. मागची ती दोन पोरं जागी झालीत वाटतं.